दहा इंची बॅरल

हात थरथरायला लागले आणि काकांनी पिस्तुलासाठी नवी बॅरल शोधायला घेतली.

आज त्यांना जाऊन वर्ष झालं.

मोहनकाका अमेरिकेत, टेक्ससमधल्या अर्विंगमध्ये आमच्या शेजारी राहायचे. मूळचे कोल्हापूरचे. रिटायर झाल्यावर ऑफिसमधल्या एका मित्राने त्यांना खारींच्या शिकारीला नेलं. तिथेच रमले.

पिस्तूल साधं. एका वेळी एकच गोळी. मधून उघडायचं, भरायचं, मिटायचं.
बॅरल मात्र बदलता येते. बॅरल बदलली की गोळीही बदलते.

जुनी बॅरल चौदा इंची. तिचं वजन आता पेलेना.
डॉक्टर म्हणाले, थरथर वाढत जाणार.

काकांना शिकारीचा अजून एक सीझन हवा होता. एकच.

"अहो, चहाचा कप धरवत नाही आणि पिस्तूल धरणार!" काकू म्हणाल्या. "विकून टाका ते."
"कप तू काठोकाठ भरतेस."

उन्हाळाभर बॅरलची चिकित्सा चालली. मी ऑफिसमधून दमून यायची आणि काका गोळ्यांच्या मापांची यादी घेऊन कुंपणापाशी उभे.

"पोरी, ट्वेंटी-टू की सेव्हन्टीन?"
"काका, मला झोप येतेय."
"झोप कुठे पळत नाही. सीझन येतोय."

दुकानात मलाही नेलं. दुकानदार सेव्हन्टीनच घ्या म्हणत होता. गोळी बारीक, पण वेगवान. शंभर यार्डांवरूनही लागते.
"सर, यू वोन्ट हॅव टू गेट क्लोज."

काका माझ्याकडे वळून मराठीत म्हणाले, "लांबून हात काय कमी हलतो? आणि लागलीच तर खारीचा चेंदामेंदा. मग रश्शात काय घालू, शेपूट?"

जे मारायचं ते खायचं, हा त्यांचा नियम.
काकू खार स्वयंपाकघरात येऊ द्यायच्या नाहीत. रस्सा मागच्या अंगणात, ग्रिलवर, वेगळ्या पातेल्यात व्हायचा. मसाला मात्र काकूंचाच. त्या तो खिडकीतून द्यायच्या, तोंड फिरवून.

शेवटी ट्वेंटी-टू घेतली. दहा इंची, हलकी.

"ही लांबून चालणार नाही," मी म्हणाले. "जवळ जावं लागेल."
"जाऊ की. नाही जमलं तर मारायचं नाही. अर्धवट लागलेली खार ढोलीत जाऊन तडफडत मरते. ते मला नको."

नेमबाजीच्या रेंजवर टेबलाला हात टेकवून त्यांनी कागदी प्लेटवर गोळ्या झाडल्या. सगळ्या नीट लागल्या. काका खूश.

ऑक्टोबरमध्ये मी त्यांना ईस्ट टेक्ससला घेऊन गेले. आठवडाभराच्या कामाने अंग आंबलं होतं. नाही म्हणवलं नाही.

जंगलात टेबल नव्हतं.

काका पेकनच्या, अक्रोडासारख्या एका झाडाला पाठ टेकून बसले. गुडघे वर, गुडघ्यांवर दोन्ही हात, हातात पिस्तूल. मी त्यांच्या मागे, थोडी बाजूला.

खार आपणहून आली. समोरच्या फांदीवर बसून काहीतरी कुरतडू लागली. इतकी जवळ की तिच्या मिशा दिसत होत्या.

बॅरलचं टोक हवेत लहान लहान गोल काढत होतं.

काका थांबले. श्वास सोडला. पुन्हा नेम धरला.
गोल मोठे झाले.

मग त्यांनी पिस्तूल खाली घेतलं, उघडलं, गोळी काढली आणि माझ्या हातात दिली.
खार खात होती.

"बॅरल चांगली निघाली," ते म्हणाले. "चॉइस बरोबर होता."

परतीच्या वाटेवर, गाडीत, काकांनी पिस्तूल पुसून पिशवीत ठेवलं. मग म्हणाले, "काकूला सांग, खारी दिसल्याच नाहीत."

काकूंनी मसाला वाटून खिडकीत ठेवला होता. आमचे रिकामे हात बघितले. वाटी आत नेली आणि त्याच मसाल्यात अंडी सोडली.
त्या दिवशी काकांना त्यांनी चहा अर्धाच कप दिला. नंतर रोजच.

काल काकूंनी मला बोलावून विचारलं, "ती नवी बॅरल कुणाला द्यायची?"
मी ती उचलून मांडीवर ठेवली. दोघी बघत बसलो. जंगलात ती एकदाही वाजली नाही.

काका, फार दमला होतात.
आता हात खाली ठेवा.