बाप बाहेर, पोट्टे आत

शांताबाई आता थकली. असं म्हटलं की म्हणते, "मी थकली, पण पोट्टे थोडीच थकतेत भांडाले?" आंगणवाडीतून रिटायर झाली, तेव्हापासून आमच्या तात्यापारा मोहल्ल्यातल्या पोट्ट्यांची भांडणं मिटवून राहिली. अन् मिटवते कुठं? माझ्या, शेजारणीच्या घरी! चहा माझा, डोकेदुखीबी माझी.

तिचा नियम एकच. मायबाप बाहेर वरांड्यात. आत दोघंच. आपलं गाऱ्हाणं सांगायचं नाही, समोरच्याचं सांगायचं. तो "हव, बरोबर" म्हणेपर्यंत उठायचं नाही.

यंदा जयंतीच्या मिरवणुकीत यशदीपनं संघर्षला डीजेच्या गाडीवरून ढकललं. संघर्षचा समोरचा दात तुटला. त्याचा बाप, बाबाराव, पोलीस थाण्यात रिपोर्ट लिहाले निघाला. इकडं यशदीपचं रेल्वेत सिलेक्शन झालेलं, पोलिसांची चौकशी बाकी. केस झाली की नोकरी गेली, अन् घरात दुसरं कमावणारं कोणी नाही. शांताबाईनं हातापाया पडून बाबारावाले थांबवलं अन् वरांड्यात बसवलं.

यशदीप लवकर बोलला, इथल्या पोट्ट्यांची बोली हिंदीच. "इसका दाँत टूटा, सबके सामने गिरा, सब हँसे." संघर्ष "हव" म्हणाला. पण त्याची पाळी आली अन् तो मुकाच बसला. दुपार कलली. माझं डोकं फिरलं.

"बोल ना रे बाबू, काहून जीव खाऊन राहिला आमचा!"

शेवटी खाली पाहूनच बोलला, "इसकी मम्मी को गए महीना भी नहीं हुआ था. मैंने चिल्लाकर बोला, नाच ना, रोनी सूरत क्यों बनाई है. इसलिए धक्का दिया."

यशदीप रडायलाच लागला. रडतरडत "हव" म्हणाला. संघर्षनं डोळे पुसले. "केस नहीं करना, आंटी. मैं पापा को बोलता हूँ."

दार उघडलं. वरांड्यात बाबारावाची खुर्ची रिकामी. फोन लावला तर बाबाराव खेकसला, "किती वेळ बसू? मले कोणी काही विचारलं? रिपोर्ट लिहून झाली."

शांताबाई मले म्हणाली, "दात त्याच्या पोराचा तुटला वं, पद्मजा. त्याचंबी ऐकाले पाहिजे होतं मी." माय वं, इतकी चिडचिड केली मी दिवसभर, पण तिचं तोंड पाहवेना.

संघर्षनं गाडी काढली. "बैठ, थाने चलते हैं. मैं लिखवाऊँगा कि गलती मेरी थी."

यशदीप बसला नाही. "अब कौन सुनेगा," म्हणाला, अन् पायीच घरी गेला.