साजरा दिसणारा कंडेन्सर

डोमाजी मिस्त्रींनी मला जेवू घातलं, धंदा शिकवला आणि जिवंत ठेवलं. हे आधी लिहून ठेवतो. पुढचं लिहिण्याच्या नादात नेमकं हेच राहून जायचं.

सातवीत शाळा सोडून मी साताऱ्याकडून विजेचे खांब रोवणाऱ्या टोळीबरोबर भंडारा जिल्ह्यात आलो. दिघोरीत हिवतापाने गाठलं आणि टोळी मला टाकून पुढे गेली. डोमाजी तिथे शेतावरच्या मोटारी दुरुस्त करत. त्यांनी मला बैलगाडीत घालून घरी, आपल्या बायकोकडे नेलं; तिला मी काकी म्हणू लागलो. शुद्धीवर आलो तेव्हा म्हणाले, "तुही बोली मले समजत नाही, माही तुले. पण भात तं समजते ना?"

बंद मोटारीलाही ते कधी सरळ हात लावत नसत. कंडेन्सर म्हणजे मोटारीला सुरुवातीचा धक्का देणारा डबा. लाइन गेली तरी त्यात वीज साठून राहू शकते. डोमाजी लाकडी मुठीच्या पेचकसाने, म्हणजे स्क्रू ड्रायव्हरने, त्याची दोन टोकं जोडत. चट्ट करून ठिणगी उडाली की म्हणत, "झोपला. आता लाव हात." मग त्यात पुन्हा वीज भरून तेच करत. तेव्हा ठिणगी उडाली नाही, तर कंडेन्सर मेला.

लोक हसत. "मिस्त्री, मोटारीले गुदगुल्या करता का?"

"हो गा. हासली तं बरी. नाही हासली तं तुह्याच खिशात हात घालावा लागते."

फुगलेला, तेल गळणारा कंडेन्सर मी लांबून ओळखू लागलो, तेव्हा शाबासकी मिळाली नाही. "फुगलेल्याले तं माही म्हातारीबी ओळखते. साजरा दिसते ना, त्याले पह्यले विचार."

त्या वर्षी धान गर्भात, म्हणजे लोंबी बाहेर पडायच्या बेतात असताना, पाऊस गेला. नत्थूजींची मोटार नुसती घूं करत होती, फिरत नव्हती. विहिरीत, मोटार बसवलेल्या दगडी टप्प्यावर आम्ही दोघं उतरलो. मोटारीच्या पेटीत दोन कंडेन्सर होते. एक टम्म फुगलेला, दुसरा कोरा वाटावा असा. डोमाजींनी वर बटण दाबायला सांगितलं. घूं झालं, कोऱ्याची तार फटकन जळून सुटली आणि तेवढ्यात लाइनच गेली.

वरून नत्थूजी ओरडले, "लाइन गेली! आता कायचं भेव? फेका तो फुगलेला, माह्यं धान मरून राहिलं!"

सगळ्यांचे डोळे त्या फुगलेल्यावर. तो काढायला मी हात घातला. तो मेलेलाच होता. पण माझं मनगट शेजारच्या साजऱ्याकडे चाललेलं डोमाजींनी पाहिलं. त्यांनी माझा हात उडवला आणि त्यांचा पंजा त्याच्या टोकांवर पडला. तार सुटल्यामुळे आत अडकून राहिलेली वीज त्यांना बसली. पुढच्या क्षणी ते टप्प्यावर नव्हते. खाली पाणी थोडं होतं, खडक फार.

पाठ मोडली. कमरेखालचं अंग गेलं. नत्थूजी येऊन खाटेशी बसत. धान त्यांचंही गेलंच होतं.

मोटारी मी बघू लागलो. संध्याकाळी घरी आलो की खाटेवरून प्रश्न यायचा, "चट्ट केला का गा?"

"केला, मिस्त्री."

"साजऱ्याले?"

"साजऱ्यालेच पह्यले."

मगच ते पाठीच्या जखमा धुऊ देत. धुताना मी एकदा विचारलं, "काहून हात घातला तुम्ही?"

"पेचकस दूर होता," ते म्हणाले. "हात जवळ होता."

उन्हाळ्यात एका संध्याकाळी मी येऊन उशाशी बसलो. प्रश्न आला नाही. मीच सांगितलं, "केला, मिस्त्री." पाठीमागून काकी म्हणाली, "कोणाले सांगून राहिला, बाबू?"

गावी मी परत गेलो नाही. तो पेचकस माझ्या कमरेला असतो, प्रत्येक पेटीपुढे आधी त्यावर हात जातो. हल्ली विहिरीत माझ्या शेजारीही कुणी ना कुणी शिकणारा उभा असतो आणि वरून कुणीतरी घाई करत असतं. मिस्त्री, कधी पेचकस दूर असेल आणि हात जवळ असेल, तेव्हा तुमचं देणं फेडीन.