धर्मराजांचे दोनशे चोपन्न पूर्वज

आनंदनगरच्या एका रंगाच्या कारखान्यातून निवृत्त झालेल्या धर्मराज म्हसकरांना आपल्या सात पिढ्या तोंडपाठ होत्या. बेलवलीच्या घरी पाहुणा आला की चहा उकळेपर्यंत ते वडिलांपासून थेट बाळोबापर्यंत सातही नावं एका दमात म्हणून दाखवत.

त्यांची सून तेजस्वी अंबरनाथला शाळेत गणित शिकवते. एका रविवारी तिने विचारलं, "बाबा, सातव्या पिढीत तुमचे पूर्वज किती?"

"एकच. बाळोबा."

"एकशे अठ्ठावीस. आईवडील दोन, त्यांचे आईवडील चार, मग आठ. दर पिढीला दुप्पट."

धर्मराज कॅलेंडरच्या मागच्या कोऱ्या बाजूवर बेरीज करत बसले. सात पिढ्यांचे मिळून दोनशे चोपन्न निघाले. त्यांना माहीत होते आई धरून आठ. वडिलांच्या आईचंही नाव ठाऊक नव्हतं, कारण ती त्यांच्या जन्माआधीच गेली होती.

त्यांनी वांगणीच्या नव्वदीतल्या रखमाआत्याला फोन लावला. "आत्या, तुझ्या आईचं नाव काय होतं गं?"

"चांगुणा. तिच्या आईचं हिरू. इतक्या वर्षांत कोणी विचारलंच नाही रे."

मग ती तासभर बोलत राहिली. अकरा बायकांची नावं मिळाली, शिवाय कोण कुणाशी का बोलत नव्हतं तेही.

शेवटी तिने विचारलं, "माझं नाव लिहिलंस ना?"

आत्या पूर्वजांत येत नाही, हे धर्मराजांना आत्ताच कळलं होतं.

"सगळ्यात आधी लिहिलं," ते म्हणाले आणि घाईघाईने कॅलेंडरवर रिकामी जागा शोधू लागले.