दोन चमचे द्राक्षासव

दारू सोडून अडतीस दिवस झाले होते आणि आमच्या कॉलनीत माझ्याइतका खवट माणूस दुसरा नव्हता. नळ ठिबकला तरी मी उखडायचो, शेजारच्या कुकरची शिट्टी एक जास्त झाली तरी उखडायचो. उखडून झालं की नुसतं रितं वाटायचं. जेवण बेचव, पेपर बेचव, बायकोचं बोलणंही बेचव. दारू सुटली की माणूस सुखी होतो, अशी माझी समजूत कुणी करून दिली होती कोण जाणे. त्याला गाठून जाब विचारावा असं मला रोज वाटायचं.

ही नव्वदच्या दशकातल्या बेंगळुरूची गोष्ट. मी एका सरकारी कारखान्यात इंजिनीयर होतो आणि राहायला कारखान्याचंच क्वार्टर होतं. साडेचारला भोंगा व्हायचा आणि त्याच्याबरोबर माझ्या तोंडाला पाणी सुटायचं. बारा वर्षांची सवय, ती काय सांगून जाते? कारखान्याची बस कॉलनीच्या मोठ्या फाटकाशी सोडायची आणि फाटकासमोरच दारूचं दुकान. म्हणून मी दोन स्टॉप आधी उतरून मागच्या गल्लीने चालत यायचो, लिमलेटच्या गोळ्या चघळत. गुरुवारी संध्याकाळी आमच्यासारख्यांची एक बैठक भरायची. तिथला एक निवृत्त बस कंडक्टर दर वेळी माझ्या खांद्यावर हात ठेवून एकच सांगायचा, "स्वल्प तडीरी, सार." जरा थांबा. तल्लफ आली की पंधरा मिनिटं काढायची, मग पुढची पंधरा. ऐकायला सोपं आहे. चौथ्या पंधरा मिनिटांना मला त्या कंडक्टरचाही राग यायचा.

रोज सकाळी शाळेत शिकवायला जायच्या आधी बायको एक गोळी पाण्यात विरघळवून माझ्यापुढे धरायची. ही गोळी पोटात असताना दारू घेतली तर अंग लालबुंद होतं, छाती धडधडते, जीव घाबरा होतो. पाणी पिऊन झालं की मी तोंड उघडून दाखवायचं. चाळिशीच्या इंजिनीयरने! पण ती तरी काय करणार? बारा वर्षांत माझ्या शब्दाला काही किंमत मी ठेवलीच नव्हती. इस्पितळातून सोडताना डॉक्टरांनी मला बजावलं होतं की खोकल्याची औषधं, टॉनिकं, तुमची ती आसवं आणि अरिष्टं, कशालाही हात लावायचा नाही, या सगळ्यांत अल्कोहोल असतं. बायको त्या वेळी खाली औषधं आणायला गेली होती. घरी आल्यावर हे मी तिला सांगितलं नाही. विसरलो, असं पुढे बरेच दिवस मी स्वतःला समजावत होतो.

सांगलीला आईला तर आम्ही काहीच कळवलं नव्हतं. पत्र गेलं ते असं, की कावीळ झाली होती, आता उतार आहे, अशक्तपणा तेवढा राहिला आहे. आमच्या घरात दारू हा शब्द दुसऱ्यांच्या मुलांबद्दल बोलतानाच वापरायचा. कावीळ काय, कुणालाही होते.

पत्र वाचून आई थोडीच घरी बसते! आठवड्याच्या आत ती रात्रभर बसने येऊन दारात उभी राहिली. "काय रे ही दशा," म्हणाली, आणि पदर खोचून थेट स्वयंपाकघरात गेली. त्या दिवशी रात्रीची जेवणं झाल्यावर तिने पिशवीतून एक बाटली काढली.

"द्राक्षासव. अशक्तपणावर याच्यासारखं दुसरं नाही. जेवणानंतर दोन चमचे आणि तेवढंच पाणी."

तिने वाटीत ओतलं. वाटी नाकाशी आली मात्र, माझ्या अंगातून सर्रकन काहीतरी गेलं. मनुका, लवंग, आणि त्यांच्या खाली तो वास. मला तो झोपेतही ओळखू आला असता. मी वाटी धरून तसाच बसलो. नको म्हणालो तर आई कारण विचारणार होती, हे खरंच आहे. पण मी त्या कारणासाठी थांबलो नव्हतो. मी वास घेत होतो.

"घ्या ना," बायको म्हणाली. "आईंनी एवढ्या प्रेमाने आणलंय. आमच्याकडे लहान मुलांनासुद्धा देतात."

सकाळी मला तोंड उघडायला लावणारी बाई रात्री हे म्हणत होती. तिला बिचारीला माहीत नव्हतं. मला माहीत होतं, आणि मी ती वाटी रिकामी केली.

झालं काहीच नाही. कानाच्या पाळ्या जरा तापल्या, एवढंच. दुसऱ्या दिवशी दुपारच्या जेवणाच्या सुट्टीत मी कँटीन सोडून एकाची सायकल मागून घेतली आणि घरी जेवायला गेलो. आई केवढी खूश झाली! संध्याकाळी मी शिट्टी वाजवत भाजी निवडली. बायको माझ्याकडे बघत राहिली. "आई आल्या आणि तुमचा चेहराच बदलला हो," ती म्हणाली, आणि किती दिवसांनी हसली. तिचं ते हसणं माझ्या घशाखाली उतरेना. तरी रात्रीचं जेवण कधी होतंय याकडेच माझं सगळं लक्ष होतं. तल्लफ कमी व्हायच्या ऐवजी वाढत चालली होती. आता मी पंधरा मिनिटं ढकलत नव्हतो, दोन चमच्यांची वाट बघत होतो.

रविवारी दुपारी जेवणं झाली. आईने दोन चमचे दिले आणि ती वाळत घातलेले कपडे काढायला मागच्या अंगणात गेली. बायको पुढच्या खोलीत वह्या तपासत होती. बाटली ओट्यावरच होती. मी फुलपात्र घेतलं, काठोकाठ भरलं आणि उभ्याउभ्या घशात ओतलं. पाणी घालायलासुद्धा थांबलो नाही. भांडं विसळून पालथं घातलं.

दहा मिनिटांत माझा चेहरा पेटला. मान, छाती, सगळं लाल. डोक्यात घण पडायला लागले, छाती अशी धडधडायला लागली की ती बाहेर ऐकू येत असेल असं वाटलं. मी भिंत धरून पलंगापर्यंत गेलो. मी पलंगावर कोसळल्याचा आवाज ऐकून बायको धावत आली. माझ्याकडे एकदा बघितलं आणि तिचा चेहरा दगडासारखा झाला.

"प्यायलात."

"नाही."

तिने वाकून माझ्या तोंडाचा वास घेतला. कपड्यांचा ढीग हातात घेऊन आई दारात उभी होती. सुनेने मुलाच्या तोंडाचा वास का घ्यावा, हे तिला कळत नव्हतं.

"अगं, काय झालं त्याला? आत्ता तर मी त्याला औषध दिलं."

बायको स्वयंपाकघरात गेली आणि बाटली घेऊन आली. बाटलीवरची बारीक अक्षरं वाचता वाचता ती मटकन खाली बसली. "आई, यात अल्कोहोल असतं," ती पुटपुटली. मग उठली आणि फोन करायला शेजारच्या अक्कांकडे पळाली. परत येऊन तिने डॉक्टरांचा निरोप सांगितला. पडून राहू द्या, छातीत दुखलं किंवा श्वास लागला तर लगेच घेऊन या.

पुढचा एक तास मी कधी विसरणार नाही. आई कपाळावर ओल्या पट्ट्या ठेवत होती आणि रडत होती. "माझ्या हाताने मी पोराला काय पाजलं!" तिने बाटली मोरीत उपडी केली, वर दोन बादल्या पाणी ओतलं. कावीळ झालेल्याला हे चालत नाही हे आपल्याला कसं ठाऊक नव्हतं, असं ती देवाला विचारत होती. बायको माझ्या पायाशी बसली होती.

"माझं चुकलं," ती हळूच म्हणाली. "तुम्ही नाही म्हणत होतात आणि मी विश्वास ठेवला नाही. मीच घ्या म्हणाले होते. मला माफ करा."

छातीतले ठोके उतरायला लागले होते. मी डोळे मिटून पडलो होतो आणि मला दिसत होतं, की मी सुटलोय. काही बोलायची गरज नाही. चूक आईची, थोडी बायकोची, माझी कसलीच नाही. उद्या सकाळी अडतीसच्या पुढचे आकडे तसेच चालू राहतील. एवढी आयती सुटका मला आयुष्यात कुणी दिली नव्हती. आणि मला त्या दोघींच्या रडण्याची अशी काही लाज वाटली, की मी उठून बसलो.

"मला माहीत होतं," मी म्हणालो.

दोघी माझ्याकडे बघायला लागल्या.

"डॉक्टरांनी मला सांगितलं होतं. पहिल्या वाटीपासून माहीत होतं. आणि आज आईने दिले दोन चमचे, त्यावर एक फुलपात्र मी स्वतः घेतलं. आई, मला कावीळ झाली नव्हती. मी दारू पितो. बारा वर्षं पितोय."

आईच्या हातातली पट्टी तशीच राहिली. बायको उठली. "मग मी मागितलेली माफी परत द्या," ती म्हणाली.

मी मान हलवली. पण अजून एक गोष्ट उरली होती. ती मी इथपर्यंत तुम्हालाही सांगितलेली नाही, कारण त्या घटकेपर्यंत ती कुणालाच सांगायचा माझा विचार नव्हता. मोरीत ओतलेली बाटली एकटी नव्हती. आईला त्या गडबडीत आठवण राहिली नव्हती. मला पहिल्या दिवसापासून होती; आई पिशवीतून पहिली बाटली काढत होती तेव्हाच मी दुसरी पाहिली होती. तोंड भाजत होतं, मस्तक ठणकत होतं, आणि तरीही त्या तासाभरात मी दोनदा तिचा विचार केला होता.

"अजून एक बाटली आहे," मी म्हणालो. "आईच्या पिशवीत, तळाशी, लुगड्याच्या घडीत."

बायको गेली आणि ती घेऊन आली. सील तसंच होतं. आईने ती तिच्या हातातून घेतली, खाली ठेवली आणि तिला जवळ बसवून घेतलं. "बारा वर्षं तू एकटीच हे ओढत होतीस?" आईने विचारलं. माझ्याकडे तिने बघितलंसुद्धा नाही.

बायकोने डोळे पुसले आणि माझ्याकडे मान वळवली.

"आजवर प्रत्येक बाटली मी शोधून काढली," ती म्हणाली. "तुम्ही दाखवलेली ही पहिली."