राजघाटावर सोडलेलं कारलं

दाजी संसार सोडणार होते आणि त्याआधी मी पोहोचावं, असा ताईचा निरोप होता. म्हणून सकाळच्या गाडीनं बुऱ्हाणपूरला उतरलो. स्टेशन लालबागला, ताईचं घरही तिथंच. म्हणजे विरक्तीपर्यंत चालत जाता आलं.

दाजी नेपानगरच्या कागद कारखान्यातून निवृत्त झालेले. आता नर्मदाकाठच्या एका आश्रमात कायमचं राहायला निघाले होते. दारात भगव्या लुंगीत उभे होते. लुंगीला इस्त्री होती.

"आओ शालकबाबू! मोह सुटला, यार!"

"बारा रुमाल, दोन उशा आन् कुकर बांधलाय मोह सुटलेल्यानं," ताई आतून ओरडली.

न्याहारीला दराबा (रवा, साखर, तूप घोटून केलेली हलकी मिठाई) होता. 'हा शेवटचा' म्हणत दाजींनी तीन वाट्या संपवल्या. मग आम्ही रिक्षानं तापीवर निघालो. दाजींना मांडी घालता येत नाही, म्हणून आश्रमासाठी घेतलेली घडीची खुर्ची माझ्या मांडीवर होती.

तिकडची रीत अशी, की मोठ्या प्रस्थानाआधी जाणाऱ्यानं आणि पोहोचवणाऱ्यांनीही राजघाटावर तळहातात पाणी घ्यायचं, आवडत्या वस्तूचं नाव घ्यायचं आणि पाणी नदीत सोडायचं. ती वस्तू मग जन्मभर वर्ज्य. छत्रीखाली गुरुजी बसले होते. आमच्या पुढे देडतलाईचे एक केळीवाले शेतकरी होते. त्यांनी पडवळ सोडलं.

"सकाळपासून तिसरं पडवळ," गुरुजी उसासले. "मावा जिलेबी कोई नहीं छोडता." खव्याची ही जिलेबी म्हणजे बुऱ्हाणपूरची शान.

माझी पाळी आली. "कारलं," मी म्हणालो.

"आवडतं?"

"जीव की प्राण."

गुरुजींनी माझ्याकडे तिकीट तपासनिसासारखं पाहिलं.

दाजींनी डोळे मिटले. "मावा जिलेबी," ते म्हणाले, आणि त्यांचा आवाज खरंच कापला. पाणी सुटलं. शेतकऱ्यानं हात जोडले.

तेवढ्यात ताई तळहातात पाणी घेऊन पुढे आली.

"बोला ताई, क्या छोड रहे?"

"हे." तिनं हनुवटीनं दाजींकडे दाखवलं.

"ताई, वस्तू सोडतात."

"अडतीस वर्षं घरात आहेत, वस्तूच झाले. आन् आवडते आहेत, खोटं नाही बोलत मी. ते जातातच आहेत, तर मीच सोडते. मग परत आले तरी दार उघडायला नको."

"अगं थांब!" दाजी किंचाळले. "पुरतं कोण सोडतं असं? महिन्यातून दोनदा येणारच होतो ना मी!"

पाणी ताईच्या बोटांतून ठिबकू लागलं. दाजींनी लुंगी सावरायची सोडून आपली ओंजळ तिच्या हाताखाली धरली. ताईनं हात रिकामा केला. थेंबन् थेंब त्यांनी झेलला.

"अब ये पानी किसी के नाम तो छोडना पडेगा," गुरुजी म्हणाले.

दाजींनी ताईकडे पाहिलं. "आश्रम," ते म्हणाले, आणि ओंजळ उघडली.

शेतकऱ्यानं टाळ्या वाजवल्या. ताईनं पदरानं आधी डोळे पुसले, मग दाजींची ओली लुंगी पिळली. येताना तिनं पाव किलो मावा जिलेबी घेतली आणि आम्ही दोघांनी खाल्ली. दाजींनी फक्त पुडा धरला. पाक मनगटापर्यंत आला, तरी चाटला नाही. एवढा आनंदी माणूस मी कुठल्या आश्रमातही पाहिलेला नाही.

परतीच्या गाडीत मी फुकटात मिळालेल्या वैराग्यावर खूश होतो. घरी ताटात कारल्याचे कुरकुरीत काप होते. हात पुढे गेला आणि थांबला.

"नदीवर सोडलंय," मी म्हणालो.

"तुमचा कुठे विश्वास आहे?" बायको म्हणाली.

नाहीच. पण दाजींची जिलेबी ज्या पाण्यात गेली, त्यातच माझं कारलंही गेलं होतं. मी नुसता वास घेतला. आयुष्यात पहिल्यांदाच मला कारलं खावंसं वाटत होतं.