वन्संनी परत पाठवलेला खरवस

डबा वन्संचाच होता. रिकामा कसा परत करायचा, म्हणून खरवस भरून दवाखान्यात नेला. तो न उघडताच त्यांनी माझ्याकडे सरकवला. "बाहेरचं चालत नाही गं. माझं सैन्य सध्या रजेवर आहे." कॅन्सरच्या औषधांनी रक्तातल्या पांढऱ्या पेशी जवळजवळ संपल्या होत्या, आणि जंतूंना मारणारी प्रथिनं वाहून नेतात त्याच पेशी... वन्संचं आयुष्य याच प्रथिनांच्या अभ्यासात गेलं. आठवड्याभरात जंतुसंसर्गानंच त्या गेल्या. मला अजून त्याचा राग येतो. त्या दिवशी परत आणलेला तो खरवस घरात कुणीच खाल्ला नाही.

वृंदावन्सं म्हणजे माझी थोरली नणंद. प्रयोगशाळेतून स्कूटरवर थेट आमच्याकडे यायच्या आणि चहाबरोबर विज्ञान पाजायच्या. डोळ्यांतल्या पाण्यातलं प्रथिन जंतूची भिंतच फोडतं, दुधातलं त्याच्या तोंडचं लोह पळवतं, कातडीतली काही तर लढता लढता बाकीच्या पेशींना हाका मारतात. "आणि तुमच्या आयटीत एका माणसाला दोन कामं सांगितली की राजीनामा!" हा टोमणा माझ्या नवऱ्याला.

माझी मुक्ता दिवस भरायच्या आधीच झाली. एवढीशी, दूध ओढायचीही ताकद नसलेली. पहिलं पिवळं दूध जड, ते पिळून टाकायचं, ही सासूबाईंची रीत. त्या मधाचं बोट घेऊन तयारच होत्या. तेवढ्यात वन्सं हेल्मेटसकट आत आल्या.

"आई, गाईचा चीक मिळाला की खरवस करून वाटी चाटूनपुसून खातेस. आणि सुनेचा चीक मोरीत?"

"अगं, आमच्या वेळी..."

"तुमच्या वेळी किती मुलं गेली, तेही सांग."

सासूबाईंचं पहिलं मूल बारशाआधीच गेलं होतं. बोलून गेल्यावर वन्संचाच चेहरा उतरला. सासूबाईंनी मधाची वाटी उचलून ठेवली. मुक्ता चमच्याचमच्यानं तेच दूध पिऊन तगली, पण तो विषय मायलेकींत पुन्हा कधी निघाला नाही.

परवा शेजारच्या सुनेला बाळ झालं. तिची आई अमरावतीहून आलेली, लगबगीनं दवाखान्यात निघाली होती. सासूबाईंनी काठी टेकत जाऊन तिला दारात गाठलं आणि अळिवाच्या लाडवांचा डबा हातात दिला. तोच डबा. त्यावर कोरलेलं नाव तिनं वाचलं.

"वृंदा कोण, काकू?"

"माझी लेक," सासूबाई म्हणाल्या. "पहिलं दूध टाकायचं नाही, असं सांगितलंय तिनं."