समुद्रावरचा रेडिओ आणि नेमावरचं धुकं

मागच्या पोस्टखाली एका वाचक ताईंनी विचारलं होतं, "संक्रांतीला नेमावरला जावं का हो? गर्दी फार असते का?" ताई, जा. अवश्य जा. गर्दी असतेच, थंडी हाडं गोठवते, आणि पहाटे धुकं पडलं तर स्वतःचा हात दिसत नाही. तरी जा. मी पहिल्यांदा गेले ते ऐंशीच्या दशकात, आणि त्या सहलीचं सगळं श्रेय, किंवा खापर म्हणा, आमच्या आतोबांच्या रेडिओचं.

आतोबा म्हणजे माझ्या आत्याचे यजमान. धारचं जुनं दरबारी घराणं, पण हा माणूस उठला आणि मालवाहू बोटींवर वायरलेस अधिकारी झाला! निवृत्त होऊन धारला परतले ते हातात मावणाऱ्या दोन व्हीएचएफ वायरलेस संचांसकट. दिल्लीला पत्रं धाडून धाडून त्यांचा परवाना काढला, आणि मग लक्षात आलं की धारमध्ये समुद्र नाही. तलावावर बोलून बोलून कंटाळले, तेव्हा म्हणाले, "चला नेमावरला. नर्मदेचं पात्र समुद्राच्या धाकट्या बहिणीसारखं आहे. तिथे खरी परीक्षा होईल." आत्याला संक्रांतीचं स्नान करून घाटावर वाण लुटायचं होतं. आणि आतोबांचे वडील दादासाहेब, वय ऐंशीच्या पुढचं, म्हणाले, "मीही येणार." संपलं. त्या घरात दादासाहेबांचा शब्द शेवटचा.

मंडळी आधी देवासला आमच्याकडे मुक्कामाला आली. माझे बाबा कारखान्यातल्या नोकरीसाठी सांगलीहून इकडे आलेले, आम्ही क्वार्टरमध्ये राहायचो. सकाळी पोहे-जलेबी, दुपारी दाल-बाफले, संध्याकाळी लिंबू पिळलेले गरमागरम गराडू. हिवाळ्यात माळव्यात आलात आणि हा तळलेला कंद खाल्ला नाहीत तर आलात कशाला? दादासाहेबांचा गराडूवर फार जीव. अंगणात बसल्या बसल्या स्वयंपाकघरात डब्याचं झाकण उघडल्याचं त्यांना ऐकू यायचं. असले तिखट कान मी दुसरे पाहिले नाहीत.

दुसऱ्या दिवशी आतोबांनी आमची शिकवणी घेतली. एक संच घेऊन ते माताजीच्या टेकडीवर चढले, दुसरा आमच्या गच्चीवर. नियम साधे होते, पण सांगतानाचा रुबाब बघा! संच उभा धरायचा, एरियल आकाशाकडे. तोंडापासून चार बोटं लांब. बाजूचं बटण दाबायचं, क्षणभर थांबायचं, मग बोलायचं, आणि ओरडायचं अजिबात नाही. आपलं झालं की "ओव्हर" म्हणून बटण सोडायचं. बटण दाबलेलं असेल तोवर समोरच्याचं आपल्याला काही ऐकू येत नाही. खरखर फार झाली तर छोटी खुंटी फिरवायची. आणि ऐकायला बॅटरी थोडी लागते, बोलायला भरपूर, म्हणून थोडक्यात बोला.

थोडक्यात! आमच्या घरात? चौघं एकदम बोलतात आणि चौघांनाही सगळं कळतं, असा आमचा रिवाज.

पण खरी पंचाईत निराळीच होती. धारच्या त्या घरात सून सासऱ्यांसमोर नवऱ्याशी थेट बोलत नसे. लग्नाला इतकी वर्षं झाली, मुलं आपापल्या मार्गाला लागली, तरी आत्यानं ती रीत मोडली नव्हती. दादासाहेब गच्चीवर खुर्ची टाकून बसलेले, त्यामुळे ती पदर सावरून माझ्या कानात कुजबुजायची, "अगं, विचार त्यांना, स्वेटर घातलाय का?" मी बटण दाबायची, "आत्या विचारतेय, स्वेटर घातलाय का?" आणि तसंच दाबून धरून आत्याकडे वळायची, "अजून काही?" टेकडीवरून आतोबांना आमचा सगळा संसार ऐकू जायचा आणि मध्ये एक अक्षर बोलता यायचं नाही. शेवटी बटण सुटलं तेव्हा संचातून कडाडले, "बटण सोड गं, बये! आणि संच तिच्या हातात दे! ओव्हर!" आत्यानं दादासाहेबांकडे पाहिलं आणि मान हलवली. नाही म्हणजे नाही.

मला त्या रीतीचा भयंकर राग यायचा. एकदा म्हणालेही, "आत्या, तू काय अपराध केलायस?" ती हसून म्हणाली, "मामंजींनी कधी सांगितलं नाही गं बोलू नको म्हणून. पण बोल म्हणूनही नाही सांगितलं."

देवासहून जीप केली. भाडं बसच्या तिकिटांपेक्षा बरंच जास्त, पण म्हातारं माणूस आणि वाणाच्या स्टीलच्या ताटांचं गाठोडं घेऊन बस बदलत बसणार कोण? चापडा सोडलं की घाट लागतो, सागाचं रान, वळणावळणाचा रस्ता. दादासाहेब एकदम म्हणाले, "थांबवा. मागचं डावं चाक बोलतंय." ड्रायव्हर म्हणाला, "अरे नी दादासाब, कुछ नी हे!" उतरून पाहिलं तर चाकाचे नट ढिले. त्यानं कानाला हात लावला. पुढे कन्नौदला चहा, खातेगावला कचोरी आणि शेव, आणि दिवस मावळायच्या आत नेमावर. धर्मशाळेत वीज गेलेली. आतोबांनी संच चार्जरला लावून ठेवले, पण सकाळी उठलो तरी वीज आलीच नव्हती.

पहाट मात्र काय सुंदर होती! सिद्धनाथाचं ते दगडी देऊळ, काळसर, उंच, दगड इतका बारीक कोरलेला की डोळे निवतात. खाली घाट, त्यावर दिवे, पलीकडच्या काठावर हंडिया गावाचे दिवे, आणि मध्ये नर्मदा, गुपचूप वाहणारी. मी तर हात जोडून उभीच राहिले. देवळाबिवळांत फारसं मन न रमणारी मी, पण तिथे डोळे भरून आले.

आतोबा एक संच घेऊन होडीत बसले. मांगीलाल नावाचा केवट वल्ही सरसावत म्हणाला, "साब, इसमें नरबदा माई भी बोलेगी कंई?" आतोबा म्हणाले, "बोलेगी भिया, पण तिलाही ओव्हर म्हणावं लागेल." हंडियाच्या काठाला लागून यायचं, एवढाच बेत. दादासाहेब मफलर गुंडाळून घाटाच्या पायरीवर बसले, शेजारी आत्या, आणि संच माझ्या हातात. सुरुवातीला मजाच मजा. आतोबा तिकडून दिव्यांचं वर्णन करतायत, आत्या माझ्या कानात प्रश्न सोडतेय, मी बटण दाबून पाल्हाळ लावतेय. बॅटरीची कुणाला आठवण?

ते परत निघाले आणि धुकं उतरलं. बघता बघता पलीकडचा काठ गेला, मग होड्या गेल्या, मग घाटाची शेवटची पायरीसुद्धा गेली.

संच खरखरला. "काठ दिसत नाही. घंटा सगळीकडून ऐकू येतायत. तुमची कुठली? ओव्हर." दोन्ही काठांवर संक्रांतीचं स्नान, दोन्हीकडे घंटा, शंख, "नर्मदे हर"चा घोष. आणि आमच्या घाटाच्या खालच्या अंगाला काळे खडक, ज्यांच्यावर पाणी आपटतं, हे मांगीलालनंच निघताना दाखवलं होतं. मी संच ओठांना लावून किंचाळले, "इकडे या! इकडे!" उत्तर आलं, "ओरडू नकोस, एक शब्द कळत नाही. डावीकडून पाणी आपटल्याचा आवाज येतोय. ओव्हर." आत्या माझ्या कानाशी लागली, "त्यांना सांग, होडी थांबवा." मी सांगेपर्यंत प्रवाहानं होडी आणखी खाली सरकली असणार. संचावरचा बारीक लाल दिवा लुकलुकायला लागला, म्हणजे बॅटरी संपत आलेली. मग आतोबांचा आवाज आला, अगदी शांत. "संच तिला दे. तिचा आवाज मला कळतो. ओव्हर."

मी संच आत्यापुढे धरला. तिचा हात पुढे आला आणि थबकला. डोळे दादासाहेबांकडे. त्यांचा एकुलता एक मुलगा त्या धुक्यात, आणि ही बाई पदर धरून उभी! मला वाटलं, आता मी ओरडेन दोघांवर.

दादासाहेबांनी सावकाश मफलर सोडला. परत गुंडाळला, या वेळी दोन्ही कानांवरून, घट्ट. आणि समोर धुक्यात बघत मोठ्यानं म्हणाले, "सूनबाई, या थंडीनं कान पार बसले हो आमचे. काही म्हणजे काही ऐकू येत नाही."

आत्यानं संच घेतला. चार बोटं लांब धरला, बटण दाबलं, क्षणभर थांबली. "अहो, मी बोलतेय. होडी थांबवा. आम्ही ताटं वाजवतो, आपल्या घरच्या आरतीच्या ठेक्यात. फक्त तेवढंच ऐका. ओव्हर." आणि बटण सोडलं. काय तिचा तो आवाज! ना कंप, ना घाई.

वाणाचं गाठोडं मी सोडलं. घाटावरच्या हाताला लागतील त्या बायकांच्या हातात ताटं दिली. माळवी बाया, ओल्या लुगड्यातल्या, कुणी विचारलंसुद्धा नाही का म्हणून. मी ठेका धरला, त्यांनी उचलला. आत्यानं हात वर केला की सगळ्या थांबायच्या आणि ती बोलायची.

"ऐकू आलं का? ओव्हर."

"आलं. उजवीकडे. ओव्हर."

"ताटं समोरून ऐकू येईपर्यंत होडी वळवा. मग आमच्याकडेच या. खडक मागे राहतील. ओव्हर."

पुन्हा ताटं. पुन्हा हात वर. "आता समोर आलं. ओव्हर."

"जपून या. मी इथेच आहे. ओ..." आणि लाल दिवा गेला. संच मेला.

आत्यानं तो पदरात गुंडाळला आणि एक ताट स्वतः उचललं. आम्ही वाजवत राहिलो. हात दुखून आले, धुक्यात काही म्हणजे काही नाही. मी रडत होते, लाज कसली! आत्या रडत नव्हती, ठेका चुकू नये म्हणून.

तेवढ्यात दादासाहेब काठी टेकून उभे राहिले. "वल्हं," ते म्हणाले. "आला."

आम्हा कुणालाच काही ऐकू आलं नव्हतं. बऱ्याच वेळानं होडीचं टोक धुक्यातून बाहेर आलं. आतोबा उतरले, वडिलांच्या पाया पडले, आणि दादासाहेबांदेखत आत्याला म्हणाले, "ठेका बरोबर होता." आत्या म्हणाली, "पाय ओले झालेत. आधी पुसा." दादासाहेब नदीकडे बघत होते.

वाणाची ताटं त्या बायकांकडेच राहिली. वाण लुटायचंच होतं, ते असं लुटलं गेलं. मांगीलाल म्हणाला, "बाई साब, रेडियो तो चोखो हे, पण थाली उससे भी चोखी!"

परतीच्या वाटेवर जीपमध्ये आत्या आणि आतोबा बोलत होते. अगदी साधं. कचोरी थंड होती, जीप जरा हळू घ्यायला सांगा, असलं. दादासाहेब मफलर कानांवर तसाच ठेवून बसले होते. ऊन चढलं, घामाची धार लागली, तरी काढला नाही.

आणि धारला परतल्यावरही त्यांचे कान कधी सुधारले नाहीत! आत्या पंगतीत आतोबांना विचारायची, "आमटी वाढू का?" आणि दादासाहेब ताटावरून मान वर करून म्हणायचे, "काय? मला काही म्हणालात?" "नाही, मामंजी." "बरं, बरं." मी एकदा मुद्दाम माजघरातून हळूच म्हणाले, "गराडू आणलेत." बाहेरून लगेच हाक आली, "लिंबू आणलंस का?"

म्हणून ताई, नेमावरला जरूर जा. रस्ता आता पुष्कळ सुधारलाय, खातेगावची कचोरी चुकवू नका, पहाटे धुकं असेल तर होडीत बसू नका. ते संच नंतर फार काळ चालले नाहीत, बॅटऱ्या खराब झाल्या आणि नव्या आपल्याकडे मिळेनात. माझ्याकडे त्यातला एक आहे, कपाटात, कधीमधी उगीच बटण दाबून बघते.

दादासाहेब गेले त्यानंतर दिवस-कार्य आटोपल्यावर आत्या आणि मी ओसरीवर बसलो होतो. मी न राहवून म्हणाले, "आत्या, दादासाहेबांना शेवटपर्यंत सगळं ऐकू येत होतं, माहितेय ना तुला?"

"पहिल्या दिवसापासून ठाऊक होतं गं मला," ती म्हणाली.

"आणि तरी त्यांच्यासमोर बोलायचीस?"

आत्यानं डोळ्याला पदर लावला. "म्हणजे काय? ते ऐकत नव्हते ना!"